आमच्यामागे ह्याचे कोण?

दिवाळीत घराघरांतून पाहुण्यांची ये-जा सुरू होते. बाहेरच्या खोलीत चकल्या-करंज्यांच्या बश्या फिरतात, मुलांच्या मार्कांची नि नोकऱ्यांची चौकशी होते; आणि एखाद्या घरातला तिशीचा ‘बाळ’ मात्र आतल्या खोलीत बसवून ठेवलेला असतो. पाहुण्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, की त्याला पाहुण्यांचा त्रास होऊ नये म्हणून, हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. अशा आईबापांची झोप उडवणारा प्रश्न एकच : आम्ही आहोत तोवर ठीक, आमच्यामागे ह्याचे कोण?

ह्या मुलांसाठीचे आपल्याकडचे एक काम सुरू झाले तेही एका घरातूनच. मुंबईच्या वकील आडनावाच्या दांपत्याची मुलगी दीना हिला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासारख्या मुलांची सोय नाही असे पाहून आई जय वकील ह्यांनी १९४४ साली राहत्या घरीच शाळा काढली. शिवडीची जय वकील संस्था ती हीच. परंतु शाळा कोणतीही असो, ती कधीतरी संपते. पुढले आयुष्य संपत नाही.

अठरा वर्षे पुरी झाली की कायद्याच्या दृष्टीने मुलगा सज्ञान होतो आणि आईबाप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. पुष्कळांना हे कळते ते बँकेत, सहीचा प्रश्न निघतो तेव्हा. ह्यावर तोड आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यान्वये जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती बसते. आईबापांनी किंवा नातलगांनी आपल्या पसंतीच्या माणसाचे नाव सुचवून तिच्याकडे अर्ज करायचा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्याने हयगय केली किंवा छळ केला, तर त्याला दूर करता येते. काकाने खाते रिकामे केल्याच्या कहाण्या आपण ऐकतोच. तेव्हा ही हिशेबाची अट फार मोलाची आहे.

आता धाकटा भाऊ म्हणतो, ‘‘मी आहे ना, आई!’’ त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवू नये. पण रोज आंघोळ घालणार कोण, औषध देणार कोण, हे विचारावे. बहुधा ते वहिनींवर येते, आणि वहिनींना कुणी विचारलेलेच नसते!

पैशाच्या बाबतीतही थोडे. न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, तर स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांमागे आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. ते नाव वडिलांच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवावे. मागाहून कागद जमवताना भावंडांच्या नाकी नऊ येतात.

मात्र कागद जेवू घालीत नाहीत. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांच्या कायम राहण्याची सोय असते. कार्यशाळांतून पणत्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या बनवण्याचे काम मिळते. (ह्या पणत्या दयेपोटी घेऊ नका, चांगल्या असतील तर घ्या. करणाऱ्यालाही तेच आवडेल.) पण पन्नाशीपर्यंत आईच्या हातूनच जेवलेल्या माणसाला एके दिवशी एकदम परक्या जागी नेऊन सोडले, तर त्याचे हाल कुत्रा खाणार नाही. म्हणून आईबाप धडधाकट असतानाच आधी एक दुपार, मग एक रात्र, मग चार दिवस अशी बाहेर राहण्याची सवय लावायला हवी. शेजाऱ्यांनी एखादी दुपार त्याला आपल्याकडे बसवून घेतले, वाण्याने त्याला सुटे पैसे मोजू दिले, तर तेही ह्याच तयारीत मोडते.

आणि एक वही करावी. तो काय खातो, कोणती गोळी किती वाजता, दुखले तर कसे सांगतो, केस कोणाकडून कापून घेतो, हे सारे आज फक्त आईलाच ठाऊक असते. फटाक्यांच्या आवाजाला तो भितो, हेही तीत लिहावे. म्हणजे पुढल्या दिवाळीत जवळ दुसरे कुणी असले, तरी खिडक्या वेळेवर लावल्या जातील.