घरावरचं सोलर: पैसे कधी फिटतात आणि कार्बन कधी?

चिखलीत गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, तर महिन्याला साधारण 350 युनिट वीज तयार होते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत त्यासाठी 78,000 रुपये अनुदान मिळतं. उरलेला खर्च कधी वसूल होणार, हे मात्र वीजबिलावर ठरतं. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटनंतर वाढतो. त्यामुळे जास्त वापर असलेल्या घराचे पैसे लवकर फिटतात, कमी वापराच्या घराचे उशिरा.

कार्बनचा हिशेब वेगळा आहे. पॅनेल बनवतानाही कोळसा जळतो. पण ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हे सोलर वर्षाला जवळपास 3 टन वाचवतं. बनवतानाचं उत्सर्जन साधारण एक-दोन वर्षांत भरून निघतं. पॅनेल मात्र 25 वर्षं चालतात.

महिन्याला 100 युनिटच लागत असतील, तर 1 किलोवॅट पुरेसं आहे. त्याला 30,000 रुपये अनुदान आहे.