ढोलताशांच्या आधी

पिल्लू घरी आलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेकहँड देतो का?" गेरू देत नाही. त्याला ते अजून कुणी शिकवलेलंच नाही. पुण्यातल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं हे तांबूस गावठी पिल्लू आषाढात आमच्याकडे आलं, ८ आठवडे पुरे झाल्यावर. त्याआधी आणायचंच नाही, असं ठरलं होतं. भावंडांशी मस्ती करताना पिल्लू एक मोठी गोष्ट शिकतं: दात जोरात लागले की समोरचा खेळ सोडून निघून जातो. माणसाला हे इतक्या नेमकेपणाने शिकवता येत नाही.

सुरुवातीचं शिक्षण म्हणजे मुख्यतः शू. या वयात पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून थांबलं की त्याला लागलेलीच असते. नाक जमिनीला लावून ते गोल फिरू लागलं की उचलायचं आणि बाल्कनीतल्या ठरलेल्या कोपऱ्यात रद्दीवर ठेवायचं. झालं की तिथेच, त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडून दिलेला तुकडा वाया जातो, कारण तो कशाबद्दल मिळाला हे पिल्लाला कळत नाही. रागावण्याचंही तसंच. मघाच्या डबक्यापाशी नेऊन पिल्लाचं नाक घासायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. मला तो क्रूर वाटतो, आणि निरुपयोगीही. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की या माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

पण या महिन्यातलं खरं काम निराळंच आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण केलं. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू नवी माणसं, नव्या गोष्टी सहज आपल्याशा करतं, पुढे अनोळखी गोष्टींची भीती वरचढ होऊ लागते, असं त्यांना दिसलं. आणि नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात. पहिली ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, थेट १६ आठवड्यांपर्यंत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून कित्येक घरांत पिल्लाला चार महिने दाराबाहेर काढतच नाहीत. ती काळजी मला समजते, पण असं वाढलेलं कुत्रं पुढे रिक्षा दिसली तरी थरथरतं, आणि ती भीती मोडायला वर्षं जातात.

यावर उपाय म्हणजे कडेवरची फेरी. जमिनीला पाय न लावता, अनोळखी कुत्र्यांपासून लांब राहून गेरूने कचऱ्याची गाडी पाहिली, हेल्मेट घातलेली माणसं पाहिली, फट्‌कन उघडणारी छत्री पाहिली. वॉचमनकाकांच्या हातून खाऊ खाल्ला. या सगळ्यात माझी मोजपट्टी एकच असते: तो खातोय का? घाबरलेलं पिल्लू आवडीचा तुकडाही तोंडात घेत नाही. त्याने तोंड फिरवलं की चार पावलं मागे यायचं. "सवय होईल" म्हणून तिथेच धरून ठेवलं, तर सवय भीतीचीच होते.

आता नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला आहे. लांबून, पुलापलीकडून येणारा घुमारा आधी ऐकवला. गेरूने कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा घेतला. त्याच अंतरावर काही संध्याकाळी काढल्या, मग थोडं पुढे गेलो. ताशाचा कडकडाट त्याला ढोलापेक्षा जास्त खुपतो असं दिसलं. म्हणून ताशा वाजू लागला की आम्ही वळतो.

एवढं करूनही विसर्जनाच्या दिवशी त्याला मिरवणुकीत नेणार नाही. सजवलेली पिल्लं खांद्यावर घेऊन गर्दीत फिरणारे लोक दरवर्षी दिसतात, आणि त्या पिल्लांचे पाठीमागे गेलेले कान, आत ओढलेली शेपटी त्यांना दिसत नाही याचं वाईट वाटतं. गेरू त्या दिवशी आतल्या खोलीत असेल, खिडक्या बंद, पंखा मोठा, चघळायला काहीतरी आणि सोबतीला आमच्यापैकी एकजण. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हीच तयारी ठेवायची आहे.