रेह ही हिर्शची बायको नव्हे

फांदेदार शिंगं मिरवणारा हिर्श हा नवरा आणि शेताच्या कडेला चरणारी नाजूक रेह ही त्याची बायको, अशी जर्मनीत अनेक मुलांची समजूत असते. बऱ्याच मोठ्यांचीही असते.

प्रत्यक्षात या दोन वेगळ्या जाती आहेत. हिर्श म्हणजे तांबडं हरीण. त्याचा नर दीडशे-दोनशे किलो सहज भरतो. रेह जेमतेम 20 ते 30 किलोंची, आपल्या भेकराएवढी, आणि बिचकली की भेकरासारखीच भुंकते. पण नात्याने भेकर, सांबर आणि चितळ हे हिर्शच्या जवळचे. रेह मात्र मूस आणि रेनडिअर यांच्या गोतावळ्यातली! शिवाय रेहमध्येही नर असतात, त्यांना आखूड शिंगंही असतात.

गोंधळाला बांबीने हातभार लावला. फेलिक्स साल्टेन यांच्या 1923च्या पुस्तकातला बांबी रेह आहे. डिस्नेने 1942च्या चित्रपटात त्याला अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण केलं. जर्मनीत ते हरीण नसल्यामुळे प्रेक्षकांना पाडस रेहचं वाटतं आणि रुबाबदार बाप हिर्श.

गैरसमज फक्त मुलांचेच होते असंही नाही. रेह जुलै-ऑगस्टमध्ये माजावर येते, पिल्लं होतात मे-जूनमध्ये. शरद ऋतूत मारलेल्या मादीच्या पोटात गर्भ दिसत नसे, म्हणून खरा समागम हिवाळ्याच्या तोंडावरच होत असणार, असं जुने शिकारी ठामपणे सांगत. गीसेनचे शास्त्रज्ञ थिओडोर बिशोफ यांनी 1854 मध्ये कोडं उलगडलं: गर्भ उन्हाळ्यातच राहतो, पण सूक्ष्म अवस्थेत थबकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पुन्हा वाढू लागतो. हिर्शकडे ही युक्ती नाही. त्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आणि पिल्लं मात्र त्याच मे-जूनमध्ये.

गवतात एकटं पडलेलं रेहचं पाडस अनाथ नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते, अधूनमधून येऊन पाजते. धोका जाणवला की ते पळत नाही, जागीच निपचित पडून राहतं. कोल्ह्यापुढे हे चालतं, गवत कापणाऱ्या यंत्रापुढे नाही. म्हणून आता कापणीआधी भल्या पहाटे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे ड्रोन कुरणांवर फिरवतात.

हिर्श घनदाट जंगलातला, हाही अर्धवट समज. मुळात तो मोकळ्या माळरानावर रमणारा. आता मात्र जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याने त्याला राहायला जेमतेम चार टक्के भूभाग नेमून दिला आहे. रेहला असं कुंपण नाही: देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक रेह शिकारीत मारल्या जातात, तरी ती जवळपास सर्वत्र दिसते.