सामान्य गळ्यांचं गाणं

तानसेन होता येत नसेल तर कानसेन व्हावं, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. मराठी रसिकांनी तो इतका मनावर घेतला, की डिसेंबरच्या थंडीत शाल लपेटून सवाई गंधर्व महोत्सवात तासन्‌तास बसणारा जाणकार स्वतः मात्र गणपतीच्या आरतीपलीकडे तोंड उघडत नाही. शाळेतली समूहगीत स्पर्धा संपली की बहुतेकांचं चारचौघांतलं गाणंही संपतं. त्यानंतर गायचं ते ज्याच्या ‘गळ्यात गाणं आहे’ त्यानं. बाकीच्यांनी दाद द्यायची. अलीकडे शहरोशहरी निघालेल्या कराओके ग्रुपांनी ही कोंडी थोडी फोडली खरी, पण तिथेही माइक एकाच्या हातात असतो आणि उरलेले आपला नंबर येईपर्यंत मोबाइलवर आपापला ट्रॅक शोधत असतात. म्हणजे गायक वाढले, तरी गाणं एकट्याचंच राहिलं. हौशी समूहगान मंडळ किंवा क्वायर ही चीज याहून वेगळी आहे. ज्यांना एकट्यानं गाणं जमत नाही त्यांची केलेली सोय, अशी तिची ओळख करून दिली जाते, ती मला चुकीची वाटते. समूहगान ही स्वतंत्र कला आहे आणि तिचा कच्चा मालच मुळी सामान्य गळा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: “अहो, पण मला सूरच लागत नाही.” हे वाक्य बोलणाऱ्यांची संख्या आणि खरोखर सूर न कळणाऱ्यांची संख्या यांत मोठी तफावत आहे. दोन सुरांतला फरक मेंदूला जन्मतःच न कळण्याची अवस्था असते, नाही असं नाही. पण वेगवेगळे अंदाज पाहिले तरी ती शंभरात एखाद-दुसऱ्याला, फार तर चौघांना आढळते. बाकीच्यांचं काय होतं, याचा शोध माँट्रियलच्या संशोधकांनी मोठ्या गमतीनं घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासासाठी सार्वजनिक बागेत लोकांना गाठून थाप मारली गेली, की आज माझा वाढदिवस आहे आणि शंभर जणांकडून एक गाणं म्हणवून घेण्याची मित्रांशी पैज लागली आहे. क्वेबेकात वाढदिवसाला म्हटलं जाणारं, सगळ्यांना पाठ असलेलं ते ध्रुवपद होतं. ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा लय बहुतेकांची पक्की निघाली. सूर ढळत होते, पण त्याचं एक मोठं कारण घाई हे होतं. तेच ध्रुवपद संथ लयीत म्हणायला लावल्यावर बहुतेकांचे सूर व्यावसायिक गायकांच्या जवळ जाऊन पोचले. आपण ज्याला बेसूर म्हणतो तो बरेचदा लाजून, गडबडीनं, श्वास न घेता गाणारा माणूस असतो. त्याला वेळ, श्वास आणि आजूबाजूला आधाराचा सूर मिळाला की त्याचं निम्मं काम होतं. तालमीत नेमकं हेच मिळतं.

उरलेलं निम्मं काम ध्वनीचं शास्त्र करतं. तीस माणसं एकच सूर लावतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो आणि प्रत्येकाच्या आवाजाचा कंपही वेगळा असतो. या बारीक विसंवादातूनच समूहाच्या आवाजाला रुंदी आणि ऊब येते. तीसही आवाज यंत्रासारखे तंतोतंत एक झाले, तर ऐकू येईल तो फक्त एकाच माणसाचा मोठा आवाज. अर्थात केसभर म्हणजे केसभरच. अर्धा सूर नव्हे. समूहात सगळं खपून जातं असं समजून आलेल्यांचा दुसऱ्याच तालमीत भ्रमनिरास होतो. लांब स्वर तुटू नये म्हणून आळीपाळीनं श्वास घ्यावा लागतो. त्याचे नियम साधे पण कडक: शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही, ओळीच्या शेवटी, जिथे सगळ्यांनाच मोह होतो, तिथे टाळायचा, स्वर सोडताना हळूच सोडायचा आणि परतताना त्याहून हळू शिरायचं. ऐकणाऱ्याला पाऊण मिनिटाचा अखंड स्वर ऐकू येतो, जो त्या खोलीतल्या एकाही माणसाला एकट्यानं लावता येणार नाही. ओळ ‘त’नं किंवा ‘स’नं संपत असेल तर ते व्यंजन तीस तोंडांतून एकाच क्षणी यावं लागतं, एरवी टाचण्या सांडल्यासारखा आवाज होतो. शिवाय भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही चढवतो. ही खोड मोडण्यासाठी संचालक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, ती अशी: शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तुमचा फार मोठा आहे. म्हणजे इथे चांगला गाणारा तोच, जो आधी चांगला ऐकतो. कानसेनांनी इतकी वर्षं कमावलेलं भांडवल कामी येण्याची जागा खरं तर हीच.

हौशी म्हणजे दुय्यम, हा दुसरा आक्षेप. त्याला इतिहासातून उत्तर देता येतं. बर्लिनमधली ‘झिंग-अकादमी’ ही गायनसंस्था १७९१ साली कार्ल फाश यांनी सुरू केली. शहरातली सुशिक्षित स्त्री-पुरुष मंडळी तिथे हौसेनं गायला येत. फाश यांच्यामागे ती सांभाळणारे कार्ल त्सेल्टर हे मुळात गवंडीकामात तयार झालेले गृहस्थ. ११ मार्च १८२९ रोजी याच मंडळींना घेऊन वीस वर्षांच्या मेंडेल्सोननं बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही रचना सादर केली. बाख जाऊन तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षं झाली होती आणि त्याची ही मोठी कृती लोकांच्या विस्मरणात गेली होती. एकल गायक व्यावसायिक होते, हे कबूल. पण त्या रचनेचा कणा म्हणजे कोरस, आणि तो हौशी होता. बाखला पुन्हा लोकांत आणण्यात त्या संध्याकाळचा वाटा मोठा मानला जातो. आपल्या मुंबईतही व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६मध्ये क्वायर उभं केलं आणि त्यांच्यामागे कूमी वाडिया यांनी काही दशकं त्याचं संचालन केलं. पोटापाण्याचे उद्योग वेगळे असलेल्या माणसांचं हे गाणं. २०२३मध्ये वाडिया यांना पद्मश्री मिळाली, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या किती मराठी घरांत ही बातमी रेंगाळली असेल, याची शंकाच आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपलं संगीत एकट्याच्या रागविस्ताराचं, हे चार आवाजांचं स्वरमेळाचं प्रकरण आपलं नव्हे. पहिली गोष्ट, समूहानं गाणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. वारकरी भजनात वीणेकरी, टाळकरी, पखवाजी आणि मागे चाल उचलून धरणारी मंडळी ही पक्की रचना आहे. सेवादलाच्या कलापथकांनी समूहगीतांवर पिढी घडवली. वसंत देसाईंनी शाळकरी मुलांच्या मोठ्या समूहांना एका सुरात गायला लावण्याचा ध्यास घेतला होता. मात्र हे बहुतेक एकाच चालीचं गाणं, आणि त्यात एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पुरुषाची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास, बाईची काळी चार-पाचच्या. दोघांच्या षड्जांत अंतर पडतं ते सुमारे पंचमाचं, पुऱ्या सप्तकाचं नव्हे. म्हणून स्त्री-पुरुषांनी मिळून एकच चाल म्हणायची ठरवली, की कोणाचा तरी गळा आवळला जातो. काळी एक धरली तर बायकांना एक तर मंद्रात गुणगुणावं लागतं, नाही तर तारसप्तकात किंचाळावं लागतं. पट्टी चढवली की पुरुष गप्प होतात. घरच्या आरतीत हे दरवर्षी ऐकायला मिळतं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस अशी विभागणी हा या अडचणीवरचा व्यवहारी तोडगा आहे: ज्या उंचीवर ज्याचा आवाज मोकळा, तिथेच त्याला त्याची ओळ लिहून द्यायची. पाश्चात्त्य अलंकार म्हणून तिच्याकडे पाहिलं की ती परकी वाटते; गळ्यांची सोय म्हणून पाहिलं की लगेच पटते.

आणि भारतात ती रुजलेलीही आहे. गोव्याचा मांडो दोन आवाजांत गायला जातो. तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद तोलून धरला. मिझोराममध्ये वेल्श मिशनऱ्यांनी नेलेली ‘टॉनिक सोल-फा’ लिपी आजही चालते. इंग्लंडच्या सारा ग्लोव्हर यांची ही पद्धत जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात गिरणी-खाणकामगारांपर्यंत पोचवली. तिचा ‘डो’ आपल्या ‘सा’सारखा हलता असतो, पट्टी बदलली की तोही सरकतो. सरगम येणाऱ्याला ती एका दुपारी उमगेल. सलील चौधरींनी मुंबईत, रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८मध्ये कोलकात्यात आणि एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रासमध्ये भारतीय भाषांतल्या गाण्यांची यूथ क्वायर उभी केली.

आरोग्याच्या फायद्यांबद्दल मात्र हात राखून बोलावं. समूहगानानं सगळे आजार पळतात अशी पत्रकं निघतात. पुरावा तेवढा उदार नाही. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात साठीच्या पुढच्या २५८ जणांवर झालेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला गाणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य न गाणाऱ्यांपेक्षा चांगलं आढळलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांत झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला. पण स्मरणशक्ती किंवा शरीराच्या ताकदीत म्हणावा असा फरक पडला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याचे वर्ग आणि हस्तकला-लेखनाचे वर्ग सात महिने शेजारी ठेवून पाहिले: गाणाऱ्यांची आपसांत गट्टी फार लवकर जमली, पण शेवटी इतर वर्गही तिथवर पोचले. म्हणजे गाण्याचं वैशिष्ट्य संकोच झटकन मोडण्यात आहे. एकटेपणावर एवढा उतारा मिळाला तरी थोडा नव्हे. स्मृतिभ्रंशावरचं औषध म्हणून कोणी क्वायर विकत असेल तर सावध राहावं. आणि खोली हवेशीर हवी: मार्च २०२०मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अडीच तासांच्या एका तालमीला आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जणांना कोविड झाला असावा असं आढळलं, दोघं दगावले.

जायचं ठरवलंच, तर मंडळ पारखून घ्यावं. ‘सर्वांना प्रवेश’ आणि ‘काहीही चालेल’ या दोन गोष्टी ज्या संचालकाला वेगळ्या ठेवता येतात, तिथे नाव घालावं. पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकला जाईल, पण तो नापास करायला नव्हे, तर तुम्हाला कोणत्या ओळीत उभं करायचं हे ठरवायला. गैरहजेरीची मुभा मात्र कमी असते, कारण चार टेनरांतला एक आला नाही तर ती ओळ लंगडते. खरी उणीव आहे ती मराठीतल्या भांडाराची. दोन किंवा चार आवाजांसाठी नीट बांधून, स्वरलिपीत छापलेली मराठी गाणी हाताशी फारशी नाहीत. संगीतकारांना हे काम पडद्यावरच्या श्रेयनामावलीइतकं मोलाचं वाटलेलं नाही. तोवर नव्या मंडळांनी दोन ओळींपासून सुरुवात करावी: एका गटानं चाल धरावी, दुसऱ्यानं षड्ज-पंचमावर टिकून राहावं. नुसता षड्ज धरणं हे कमीपणाचं काम वाटणाऱ्यांनी ते बिनसाथीचं, सूर न उतरवता चार मिनिटं करून बघावं आणि मग पेटीवर तपासावं.