खऱ्याखोट्याची पारख करणारे नोकर

सोनें कसोटीला लावतांना सराफ घाई करीत नाहीं. आणि त्यानें ती केलीच, तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडावयास वेळ लागत नाहीं. पेढीवर एक सराफ असतो, त्याची नजर असते व त्याचें नांव असतें. परंतु ज्या व्यापारांत हजारों वस्तु पारखावयाच्या, तेथें पारखीही शेंकडों लागतात. आणि मग त्यांना शिकवावें किती, पगार द्यावा किती व तासाला काम घ्यावें किती, हे प्रश्न उभे राहतात. अमेरिकेंतील ‘द रिअलरिअल’ या कंपनीचा इतिहास पुष्कळ अंशीं याच प्रश्नांचा इतिहास आहे.

ही कंपनी जुली वेनराइट या बाईंनीं २०११ सालीं काढली. त्यापूर्वी पाळीव प्राण्यांचें सामान इंटरनेटवर विकणाऱ्या एका कंपनीच्या त्या प्रमुख होत्या व ती कंपनी २००० सालीं बुडाली होती. नव्या व्यापाराची कल्पना साधी होती. श्रीमंत घरांतील कपाटांत किंमती हँडबॅगा, घड्याळें, दागिने व पोषाख पडून राहिलेले असतात. ते अडतीवर घ्यावयाचे, इंटरनेटवर मांडावयाचे, आणि विक्री झाली म्हणजे आपली अडत कापून बाकीची रक्कम मालकाला द्यावयाची. आपल्याकडील अडत्ये धान्याचें व गुळाचें जें करतात, तेंच हें. भेद एवढाच कीं गुळाच्या ढेपेला बनावट ढेप म्हणून कोणी फसत नाहीं, आणि शॅनेलच्या हँडबॅगेच्या नकला मात्र जगभर होतात. म्हणून कंपनीनें आरंभापासून ग्वाही दिली ती मालाच्या खरेपणाची. तिचें नांवच तें सांगतें.

आतां ही ग्वाही प्रत्यक्षांत देतो कोण? न्यू जर्सी राज्यांतील सिकॉकस, पर्थ अँबॉय अशा ठिकाणीं कंपनीनें मोठमोठीं गुदामें उभारलीं. तेथें पेटी उघडली जाते, वस्तूला क्रमांक मिळतो, तिची वर्गवारी होते, ती पारखली जाते, तिचें छायाचित्र निघतें, वर्णन लिहिलें जातें, किंमत ठरते, आणि मग ती फळीवर जाते. येथें या धंद्याची खरी अडचण आहे. सामान्य दुकानदार एकाच नमुन्याच्या शंभर पिशव्या मागवितो व त्यांचें वर्णन एकदांच लिहितो. जुन्या मालांत प्रत्येक वस्तु एकुलती एक. प्रत्येकीचा डाग निराळा, झीज निराळी. शंभर वस्तु म्हणजे शंभर वेळां तेंच सर्व काम. मनुष्यबळाचा हा खर्च यंत्रावर टाकतां येत नाहीं, आणि नफा काढावयाचा तर एकेका हाताखालून अधिक वस्तु गेल्या पाहिजेत, असा हिशेब ओघानेंच येतो. २०१८ सालीं कंपनीचें उत्पन्न सुमारें २० कोटि ७४ लक्ष डॉलर होतें व तोटा ७ कोटि ५८ लक्ष डॉलर. म्हणजे हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हता.

पारखीच्या विद्येला किती वेळ लागतो, हेंही पाहिलें पाहिजे. एर्मेसच्या पिशवीची शिवण दोन सुया व एकच दोरा घेऊन हातानें घातलेली असते. ती किंचित् तिरपी दिसते, तर यंत्राची टीप सरळ व एकसारखी असते. शॅनेलच्या पिशवींत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून क्रमांकाची चिकटपट्टी असे. त्या क्रमांकावरून काळ कळतो, आणि तो काळ पिशवीच्या घाटाशीं, सांखळीशीं व अस्तराशीं जुळावा लागतो. नकली माल करणारा क्रमांक हुबेहूब उतरवील, पण त्या वर्षीं तें चामडें त्या रंगांत निघत नव्हतें, ही गोष्ट त्याला ठाऊक नसते. पारख्याला मात्र ठाऊक असावी लागते. हिऱ्याचीही तीच गत. उष्णता किती वाहते तें पाहून हिरा ओळखणाऱ्या यंत्राला मॉइसनाइट नांवाचा कृत्रिम खडा सहज फसवितो, म्हणून विद्युत्‌वाहकतेची दुसरी परीक्षा करावी लागते. हें सारें शेंकडों खऱ्या वस्तु हाताळूनच अंगवळणीं पडतें. त्या दृष्टीनें असें गुदाम ही एक अपूर्व शाळाच म्हणावयाची. वस्तुसंग्रहालयांत जें कांचेआड पाहावयाचें, तें येथें हातांत येतें. मात्र तासावर पगार घेणाऱ्याच्या त्या हातांत त्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईची पिशवी असते, आणि समोर भिंतीवर घड्याळ असतें.

२०१९ च्या जून महिन्यांत कंपनीनें शेअरबाजारांत प्रवेश केला व दर शेअरास २० डॉलर या भावानें सुमारें ३० कोटि डॉलर उभे केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सीएनबीसी या वृत्तसंस्थेनें माजी नोकरांच्या मुलाखती व कंपनीचे अंतर्गत कागद यांच्या आधारें एक वृत्तांत प्रसिद्ध केला. वस्तु तज्ज्ञाच्या नजरेखालून जाते अशी जाहिरात असतां पुष्कळसा माल वर्णन लिहिणारे कॉपीरायटरच पारखतात. त्यांचें शिक्षण अपुरें असतें. आणि त्यांच्यावर संख्येचें कडक बंधन असतें, असें त्या नोकरांचें म्हणणें होतें. कंपनीचें म्हणणें असें कीं, जोखमीप्रमाणें मालाची विभागणी होते, व अधिक किंमती आणि अधिक संशयास्पद वस्तु रत्नपरीक्षक, घड्याळांचे जाणकार अशा विशेष शिकलेल्या माणसांकडेच जातात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, आणि नोकराच्या दृष्टीनें कोडें नेमकें तेंच आहे. ज्याला वर्णन लिहावयास ठेवलें, त्यालाच नकली मालाचा पहिला पहारेकरी केलें. त्याचें मोजमाप मात्र किती वस्तु हातावेगळ्या केल्या यावरून. एखाद्या शिवणीविषयीं शंका आली तर वस्तु बाजूला ठेवण्यांत वेळ जातो व दिवसाचा आंकडा मागें पडतो. न ठेवावी तर चूक त्याच्या माथीं. येथें नोकराच्या डोळ्याला दोष देणें अन्यायाचें होईल. सावकाश पाहण्याची मुभा देणें त्याच्या हातीं नव्हतें.

शॅनेलनें त्यापूर्वीच, २०१८ च्या नोव्हेंबरांत, न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावून कांहीं पिशव्या बनावट असल्याचा आरोप केला होता. मार्च २०२० मध्यें न्यायालयानें दाव्यांतील कांहीं मुद्दे फेटाळले, परंतु बनावट मालाचा व फसव्या जाहिरातीचा मुद्दा पुढें चालूं दिला. २०२२ च्या जून महिन्यांत वेनराइटबाईंनीं प्रमुखपद सोडलें. २०२३ च्या फेब्रुवारींत सॅन फ्रॅन्सिस्को व शिकागो येथील मोठीं दुकानें बंद करण्याचें जाहीर झालें, आणि सुमारें २३० नोकरांना, म्हणजे शेंकडा सातांना, कमी करण्यांत आलें.

दरम्यान कंपनीनें संगणकाची मदत घेतली. एक यंत्रणा वस्तु व ती पाठविणारा यांवरून जोखीम किती तें सांगते. दुसरी छायाचित्रांची तुलना करते. कारखानदारही स्वस्थ बसलेले नाहींत. लुई व्हितों व शॅनेल यांनीं २०२१ पासून नव्या पिशव्यांत सूक्ष्म चिप बसविण्यास आरंभ केला. परंतु तींतील मजकूर उलगडण्याची किल्ली त्यांनीं आपल्याच हातीं ठेविली आहे. गुदामांतील पारख्याला चिप असल्याचें समजतें, ती काय सांगते तें समजत नाहीं; म्हणून पुन्हां भिंग, शिवण व चामड्याचा वास यांवरच त्याला भिस्त ठेवावी लागते.