पाटी बाहेर, कागद आत : दोन्ही सांभाळायला हवेत

दुकानावरची पाटी सगळ्या गावाला दिसते. पण कोणी हरकत घेतली, की ती पाटी टिकते कपाटातल्या कागदाच्या जोरावर. याचं उदाहरण आपल्याच अकोला जिल्ह्यात आहे.

पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दूतही नाव लिहिलेलं आहे. एका माजी सदस्याने त्याला हरकत घेतली. परिषदेने 14 फेब्रुवारी 2020 रोजी बहुमताने ठराव करून ती फेटाळली. 1956 पासून फलकावर उर्दू आहे आणि ती इथल्या लोकांना समजते, असं परिषदेचं म्हणणं होतं. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तिथून अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे, नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि शेवटी दिल्लीला. 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दूचा फलक कायम ठेवला. कायदा मराठी सक्तीची करतो, पण सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

निकाल कायद्याच्या मुद्द्यावर लागला, हे खरंच. पण पाच वर्षं प्रत्येक पायरीवर दाखवायला परिषदेच्या हातात ठरावाचा कागद होता. "आमच्याकडे आधीपासूनच असं आहे" एवढं तोंडी सांगून भागलं नसतं. हिवरखेडच्या बाजारात दुकान, बेकरी, गॅरेज किंवा कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या आपल्या लोकांनी यातून हेच शिकायचं आहे.

भिंतीवर काय हवं?

पहिली गोष्ट नावाची पाटी. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली. उर्दू किंवा इंग्रजी लिहायला हरकत नाही. मात्र मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. पेंटरला हे रंगवण्याआधीच सांगा, म्हणजे दुबार खर्च होणार नाही.

जीएसटी नोंदणी असेल, तर प्रमाणपत्र दुकानात ठळक जागी लावायचं आणि नंबर दारावरच्या पाटीवर लिहायचा. गोदाम वेगळं असेल आणि नोंदणीत दाखवलं असेल, तर तिथेही प्रमाणपत्र हवं. हॉटेल, बेकरी, मटणाचं दुकान यांनी अन्न सुरक्षा परवाना किंवा नोंदणी गिऱ्हाइकाला दिसेल अशी लावायची. खत-बियाणं विकणाऱ्यांना रोजचा साठा आणि भाव लिहिलेला फलक ठेवावा लागतो. तो फळा रोज पुसून नव्याने लिहायचा असतो. कालचा साठा आज दिसला, तर फलक असूनही अडचण होते.

शाळा, दवाखाना किंवा कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. समितीचा आदेश आणि छळ केल्यास होणारे परिणाम सगळ्यांना दिसतील असे लावायचे. आपल्या बहिणी-मुली अशा ठिकाणी नोकरी करतात. तक्रार कोणाकडे करायची, हे त्यांना भिंतीवर वाचता आलं पाहिजे.

अस्सल कागद कुठे ठेवायचा?

बऱ्याच दुकानांत गल्ल्याच्या मागे अस्सल परवानाच फ्रेम करून टांगलेला दिसतो. उन्हाने शाई उडते, भिंतीच्या ओलीने कागद पिवळा पडतो. अन्न सुरक्षेच्या मोठ्या परवान्याच्या अटींमध्येच खरी प्रत लावा, असं म्हटलं आहे. म्हणून भिंतीवर प्रत लावा आणि अस्सल कागद कपाटात ठेवा. प्रमाणपत्र ऑनलाइन मिळालं असेल, तर त्याची पीडीएफ फाइल ईमेलवर आणि पेनड्राइव्हवरही ठेवा.

जुन्या खरेदीखताला, अब्बांच्या नावाच्या पावतीला लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागद फाटल्याशिवाय सुटत नाही आणि शिक्का-सही तपासायला अडचण येते. त्यापेक्षा साधं पारदर्शक पाकीट बरं. टाचण्या गंजतात, रबर वितळून चिकटतं, त्या जागी सुती दोरा बांधा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा, म्हणजे वाळवी लवकर दिसते. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

डिजिलॉकरबद्दल एक गैरसमज आहे. सरकारी खात्याने तिथे स्वतः दिलेला दाखला अस्सलच्या बरोबरीचा मानला जातो. आपण मोबाइलवर फोटो काढून चढवलेला कागद तसा मानला जात नाही. तो फक्त आपल्या सोयीसाठी.

किती दिवस सांभाळायचं? जीएसटीची वहीखाती आणि बिलं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. जागेची कागदपत्रं मात्र कधीच टाकू नका.

हिवरखेडसाठी खास

आपल्या गावात ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या काळातल्या घरपट्टीच्या पावत्या, आठ अ चा उतारा, ना-हरकत दाखला आता रद्दी झाले, असं समजू नका. दुकान त्या जागेवर किती वर्षांपासून आहे, हे दाखवायला उद्या हेच कागद कामी येतील.

येत्या सुटीच्या दिवशी घरातल्या एका शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन बसा. एका वहीत यादी करा : कोणता कागद, कोणाच्या नावाचा, मुदत कधी संपते, कुठे ठेवला आहे. त्या वहीची जागा घरात दोघांना तरी माहीत असू द्या. कर्ता माणूस अचानक गेला, तर मागच्यांना कागद शोधत या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरावं लागतं. ही वही त्यांचा तो त्रास वाचवते.