संत्री सीमेवर अडतात, कोड अडत नाही: नागपूर जगाला नेमकं काय विकतं?

विदर्भातल्या संत्र्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. ट्रक भरायचा, पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल सीमेवर न्यायचा, पलीकडे बेनापोलला शुल्क भरायचं की माल ढाक्याच्या बाजाराकडे रवाना. हे वर्षानुवर्षं चाललं. मग बांगलादेशने आयात शुल्क वाढवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या घरात असलेलं शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांपर्यंत गेलं. संत्र्याच्या भावापेक्षा शुल्क जड झालं, निर्यात कोसळली आणि राज्य सरकारला या शुल्काचा निम्मा भार उचलण्याची घोषणा करावी लागली.

याच नागपुरातून, वर्धा रोडवरच्या मिहानमधून, रोज आणखी एक माल परदेशात जातो. त्याला ट्रक लागत नाही, तो सडत नाही आणि कुठल्याच सीमेवर कस्टमचा माणूस तो उघडून बघत नाही. हा माल म्हणजे सेवा. अमेरिकन बँकेसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर, युरोपातल्या कंपनीचा हिशेब, विमानाची दुरुस्ती.

देशाच्या पातळीवर हा आकडा किती मोठा आहे? २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरच्या वस्तू निर्यात केल्या आणि सुमारे ३८७ अब्ज डॉलरच्या सेवा. वस्तूंच्या व्यापारात आपल्याला २८० अब्ज डॉलरहून जास्त तूट आली, कारण तेल, सोनं, इलेक्ट्रॉनिक्स आपण बाहेरून आणतो. सेवांच्या व्यापारात मात्र जवळपास १८८ अब्ज डॉलर वर उरले. थोडक्यात, वस्तूंच्या खात्यात पडलेल्या खड्ड्याचा दोन तृतीयांश भाग सेवांनी बुजवला. सेवा निर्यातीतला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या सॉफ्टवेअरचा आहे.

न दिसणारी निर्यात मोजतात कशी?

संत्र्याचं वजन करता येतं. कोडचं काय? त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 'सॉफ्टेक्स' नावाचा अर्ज असतो. कंपनीने परदेशी ग्राहकाला इंटरनेटवरून किती रकमेचं काम पाठवलं, हे त्यात लिहायचं. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क किंवा सेझचे अधिकारी तो तपासतात आणि मग बँकेत आलेल्या डॉलरशी त्याचा मेळ घातला जातो. परसोडीच्या आयटी पार्कमधली कंपनी असो की मिहानमधला मोठा कॅम्पस, कागद हाच.

जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ मध्ये सेवा व्यापाराचा करार लागू झाला. त्यात सेवा विकण्याचे चार मार्ग सांगितले आहेत. ऐकायला क्लिष्ट वाटतं, पण नागपुरात हे चारही मार्ग चालताना दिसतात. पहिला मार्ग: माणूस इथेच, ग्राहक तिथेच, काम तारेवरून जातं. मिहानमधल्या टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसच्या इमारतींत बहुतांश हेच चालतं. दुसरा: ग्राहक किंवा त्याची वस्तू इथे येते, सेवा घेते आणि परत जाते. परदेशी रुग्ण, परदेशी विद्यार्थी किंवा दुरुस्तीला आलेलं परदेशी विमान. तिसरा: परदेशी कंपनी इथे येऊन दुकान मांडते. चौथा: आपला माणूस काही काळासाठी तिकडे जाऊन काम करतो, जसा एच-१बी व्हिसावर गेलेला इंजिनिअर.

या चौथ्या मार्गावर सध्या सगळ्यात जास्त काटे आहेत. त्याकडे पुढे येऊच.

देशाच्या मधोमध असण्याचा फायदा कुणाला?

नागपूरबद्दलचं कुठलंही सरकारी सादरीकरण उघडा, पहिल्या पानावर भारताचा नकाशा आणि मधोमध लाल ठिपका असतो. झिरो माईल, देशाचा मध्य वगैरे. हा ठिपका एकेकाळी खरंच कामाचा होता.

जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरात परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळायचं ते नागपूरमुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. मग जेट विमानं आली, मोठी शहरं एकमेकांना थेट जोडली गेली आणि मध्ये उतरण्याची गरजच उरली नाही.

मिहान या नावातही तोच जुना हिशेब आहे. 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर' असं ते लांबलचक नाव. २००२ मध्ये यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. मूळ कल्पना मालवाहतुकीची: जगभरातून माल इथे उतरेल आणि देशभर जाईल. सोबत दुसरी धावपट्टी आणि सेझ. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या जमिनी या स्वप्नासाठी गेल्या.

कार्गो हब त्या आकाराचा झाला नाही. रुजलं ते दुसरंच काही: आयटी आणि विमान दुरुस्ती. यातल्या आयटीला नकाशाच्या मध्याशी काही देणंघेणं नाही. न्यू जर्सीच्या ग्राहकाला आपला कोड नागपुरात लिहिला जातो की कोचीत, याने शून्य फरक पडतो. त्याला फरक पडतो तो चार गोष्टींनी: काम येणारी माणसं मिळतात का, किती पगारात मिळतात, टिकतात का आणि वीज-इंटरनेट धड आहे का. इथे नागपूरची बाजू बरी आहे. १९६० मध्ये सुरू झालेलं आणि आता व्हीएनआयटी म्हणून ओळखलं जाणारं इंजिनिअरिंग कॉलेज, शहराभोवतीची खासगी कॉलेजं, गेल्या दशकात आलेल्या आयआयएम आणि ट्रिपलआयटी. अडचण एवढीच होती की इथे शिकलेली पोरं पुणे, हैदराबाद, बेंगळुरूची गाडी पकडायची. मिहानचा खरा फायदा तिथे झाला: त्या गाडीत न बसण्याचा एक पर्याय तयार झाला.

सेझमुळे करात सूट होती, हेही खरं. पहिली ५ वर्षं निर्यातीच्या नफ्यावर आयकर नाही, पुढची ५ वर्षं निम्म्यावर. पण २०११ मध्ये या सवलतीवर किमान पर्यायी कर बसला आणि २०२० नंतर सुरू झालेल्या नव्या युनिटना ही आयकर सवलतच बंद झाली. त्यामुळे आज मिहानला नवी कंपनी आणायची तर कर दाखवून चालत नाही, माणसं दाखवावी लागतात.

विमान दुरुस्ती: जिथे ठिकाण खरंच मोजलं जातं

मिहानमधली सगळ्यात रंजक गोष्ट विमानांची आहे. स्पर्धा म्हणजे काय असतं, ते इथे नीट कळतं.

२००५ च्या शेवटी एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचा करार केला. त्या बदल्यात बोइंगने भारतात १० कोटी डॉलर खर्चून विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र, म्हणजे एमआरओ, उभारायचं कबूल केलं. जागा ठरली नागपूर. केंद्र प्रत्यक्षात एअर इंडियाच्या हाती आलं २०१५ मध्ये.

विमानाची मोठी तपासणी म्हणजे गाडीचं सर्व्हिसिंग नव्हे. 'सी चेक'ला विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उभं राहतं, आतली आसनं आणि पत्रे काढले जातात, सांगाडा तपासला जातो. विमान जमिनीवर असेपर्यंत कंपनीची कमाई बंद. म्हणून कंपन्या तीन गोष्टी बघतात: खर्च, दिवस आणि परवाने. आणि बराच काळ भारतीय कंपन्यांना आपली विमानं सिंगापूर, श्रीलंका किंवा आखातात पाठवणं परवडत होतं.

का? उत्तर करात सापडतं. भारतात दुरुस्ती करून घेतली तर १८ टक्के जीएसटी. बाहेरून करून आणली तर ५ टक्के. म्हणजे आपल्याच हँगरला आपणच १३ टक्क्यांनी महाग केलं होतं. एप्रिल २०२० पासून हा दर ५ टक्क्यांवर आला. परदेशी दुरुस्ती कंपन्यांकडून मिळालेल्या पोटकामाला निर्यातीचा दर्जा मिळण्याची वाटही तेव्हाच मोकळी झाली. जुलै २०२४ मध्ये विमानाच्या सुट्या भागांवरचा वेगवेगळा कर सरसकट ५ टक्के झाला. त्याआधी एखाद्या भागावर २८ टक्केही लागायचे.

दरम्यान आणखी एक गंमत झाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण तिची दुरुस्ती कंपनी सरकारकडेच राहिली. नागपूरचं केंद्र ज्या गिऱ्हाइकासाठी बांधलं, ते गिऱ्हाईक वेगळ्या घरात गेलं. २०२४ मध्ये एअर इंडियाने स्वतःचं नवं केंद्र बेंगळुरूत उभारायचं जाहीर केलं. हैदराबादेत जीएमआरचं केंद्र आधीपासून आहे. नागपुरातही सरकारी केंद्राशिवाय इंदामेरचं हँगर आहे आणि २०२५ मध्ये अदानी समूहाने इंदामेर टेक्निक्स विकत घेण्याची घोषणा केली. म्हणजे नागपूरची लढत आता सिंगापूरइतकीच बेंगळुरू-हैदराबादशीही आहे.

या लढतीत विमानतळ कसा आहे याला किंमत असते. आणि नागपूरचा विमानतळ कोर्टात अडकला होता. तो चालवायचं कंत्राट जीएमआरने जिंकलं, सरकारने मार्च २०२० मध्ये निविदा रद्द केली, २०२१ मध्ये हायकोर्टाने आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जीएमआरच्या बाजूने निकाल दिला. तरी शेवटची याचिका निकाली निघायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. चार वर्षांहून अधिक काळ. तेवढ्या वेळात हैदराबाद, बेंगळुरू थांबून राहिले नव्हते.

शेजारी जवळ, बाजार लांब

अंतराने बघितलं तर नागपूरला ढाका, कोलंबो, काठमांडू जवळ. धंद्याने बघितलं तर अमेरिका जवळ. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीतला निम्म्याहून जास्त हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. सार्क देशांनी सेवा व्यापाराचा करार एप्रिल २०१० मध्ये थिंफूत केला, तो २०१२ मध्ये लागूही झाला, पण प्रत्यक्षात कागदापुढे फारसा गेला नाही. आसियान देशांशी सेवांचा करार २०१५ पासून आहे, संयुक्त अरब अमिरातीशी व्यापक करार मे २०२२ पासून.

खरं तर नागपूरचा सगळ्यात जिवंत सेवा व्यापार देशाच्या आतच आहे आणि तो कुठल्याच निर्यातीच्या आकड्यात येत नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा: बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशची राजधानी होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण लोकांची उपचाराला, खरेदीला, शिकायला नागपूरला यायची सवय गेली नाही. यात परकीय चलन नाही, पण शहराच्या पोटापाण्याचा मोठा भाग यावर चालतो. आणि एच-१बीशी याचा संबंध नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हणायचा.

अमेरिकेने शिंकलं तर

१९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प प्रशासनाने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केलं. चौथ्या मार्गाचं दार इतकं महाग झालं की ते अनेकांसाठी बंदच. वरवर ही वाईट बातमी. पण माणूस तिकडे नेता येत नसेल तर काम इकडे पाठवा, असा विचार कंपन्या करू शकतात. परदेशी कंपन्यांची स्वतःची भारतीय कार्यालयं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती २०२४ मध्येच १,७०० च्या वर होती आणि त्यात १९ लाख लोक कामाला होते. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये जीसीसी धोरण आणलं. त्यात ४०० नवी केंद्रं आणि ४ लाख नोकऱ्यांचं लक्ष्य आहे.

नागपूरला धास्ती वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं गेलं: बाहेरच्या देशांतून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी त्या रकमेवर २५ टक्के कर भरावा. असा कर खरोखर लागला, तर पहिल्या मार्गावरही टोलनाका बसेल. संत्र्यांचं बेनापोलला झालं, तेच कोडचं होईल. त्यात एआयमुळे नवशिक्या इंजिनिअरचं काम कमी होण्याची भीती आहेच, आणि मिहानमधल्या नोकऱ्यांत नवशिक्यांचा भरणा मोठा.

ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात मात्र एक तरतूद कामाची आहे. तात्पुरतं तिकडे कामाला जाणाऱ्या भारतीयाला आणि त्याच्या कंपनीला ठरावीक काळापर्यंत तिथला सामाजिक सुरक्षा निधी भरावा लागणार नाही. आतापर्यंत हे पैसे पगारातून कापले जायचे आणि बहुतेकांच्या हाती काहीच परत येत नव्हतं.

मिहानच्या हिशेबात शिवणगाव-खापरीचा रकाना अजून बाकी आहे. कार्गो हब झाला असता तर हमाल, चालक, गोदाम कामगार अशी शेकडो कामं निघाली असती. आयटीच्या इमारतीत शिरायला इंजिनिअरिंगची डिग्री आणि बऱ्यापैकी इंग्रजी लागतं. विमानाच्या हँगरचं दार त्या मानाने थोडं रुंद आहे. विमान देखभाल इंजिनिअरचा परवाना डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर मिळतो, त्यासाठी विज्ञानातून बारावी पुरते, आणि पत्रा, रंग, वायरिंगच्या कामाला आयटीआय झालेला मुलगाही लागतो. नागपूरच्या हँगरांत किती विमानं उतरतात यावर अशी कामं किती निघतील हे ठरणार, आणि ती विमानं सध्या बेंगळुरू, हैदराबाद, सिंगापूर असे तीन-चार पर्याय समोर ठेवून नागपूरचा भाव विचारत आहेत.